रोनाल्डोला पिवळं की लाल? सारान्स्क २०१८, इराण-पोर्तुगाल आणि तीन वेळा मॉनिटर

सरळकार्ड:
इतकी वर्षं झाली तरी या सामन्याचा विषय निघाला की दोन तट पडतात, म्हणून एकदाचं इथे मांडतो.

२५ जून २०१८, विश्वचषकाचा ब गट, सारान्स्कचं मोर्दोव्हिया अरीना. सामन्याआधी स्पेन आणि पोर्तुगाल ४-४ गुणांवर, इराण ३ वर, मोरोक्को शून्यावर आणि बाहेर. म्हणजे इराणने जिंकलं की थेट बाद फेरी. ४५व्या मिनिटाला पोर्तुगालच्या क्वारेझमाने बुटाच्या बाहेरच्या बाजूने तो अफलातून गोल मारला. दुसऱ्या सत्रात रेफ्री एन्रिके कासेरेस (पॅराग्वे) तीनदा बाजूच्या मॉनिटरकडे (रीप्ले बघायच्या स्क्रीनकडे) गेले.

एक, इराणच्या एझतोलाहीने रोनाल्डोला बॉक्समध्ये पाडलं म्हणून पोर्तुगालला पेनल्टी. आधी दिली नव्हती, मॉनिटर बघून दिली. इराणचा गोली बेईरानवंद याने ती अडवली. दोन, ८०व्या मिनिटानंतर रोनाल्डोचा हात इराणच्या पुरअलीगंजीच्या तोंडावर. मॉनिटर बघितला आणि पिवळं कार्ड. तीन, स्टॉपेज टाइममध्ये इराणच्या आझमूनचा हेडर पोर्तुगालच्या सेद्रिकच्या हाताला लागला, इराणला पेनल्टी, अन्सारीफर्दचा गोल, १-१.

माझा आक्षेप दुसऱ्यावर आहे. बॉल त्यांच्यापाशी नाही, झुंज नाही, हात मागे जाऊन चेहऱ्यावर येतो. हे एकतर लाल आहे किंवा काहीच नाही. मधलं पिवळं आलं कुठून? समोर दुसरा कुणी असता तर तो तंबूत गेला असता. इराणचे प्रशिक्षक केरोझ सामन्यानंतर हेच बोलले: नियमात कोपर म्हणजे लाल, मग तो मेस्सी असो की रोनाल्डो.

साळसेतकर:
आला, इराणी रडगाण्याचा धागा आला.
साहेब, त्या सामन्यात लुटलं कुणाला? पोर्तुगालला. ९०+३ ला मिळालेली ती पेनल्टी कुठल्या नियमात बसते ते आधी सांगा. सेद्रिक हवेत आहे, आझमूनचं डोकं त्याला खेटून आहे, बॉल हाताभरावरून येतो. तो हात काढणार कधी आणि नेणार कुठे?
आणि केरोझ हे २००८ ते २०१० पोर्तुगालचेच प्रशिक्षक होते, २०१० च्या विश्वचषकात रोनाल्डो त्यांचा कप्तान होता. तेव्हा त्यांना त्याचे हात दिसले नव्हते वाटतं.

मिरजेचा_लेफ्टबॅक:
केरोझ कुणाचे प्रशिक्षक होते याचा पुरअलीगंजीच्या तोंडाशी काय संबंध, राव?

शिट्टीमास्तर:
थोडं नियमाने बोलू, नाहीतर हा धागा गाव विरुद्ध गाव होणार.

धागाकर्त्याचं "एकतर लाल किंवा काहीच नाही" हे बरोबर नाही. फुटबॉलच्या नियम १२ मधलं हिंसक वर्तनाचं कलम असं: बॉलसाठी झुंज चालू नसताना जो खेळाडू हाताने किंवा बाहूने प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर अथवा चेहऱ्यावर मुद्दाम मारतो, तो हिंसक वर्तनाचा दोषी, अपवाद एकच, वापरलेला जोर नगण्य असेल तर.

म्हणजे लाल कार्डासाठी चार गोष्टी एकत्र लागतात. झुंज नको, मुद्दाम हवं, जागा डोकं किंवा चेहरा हवी आणि जोर नगण्यपेक्षा जास्त हवा. यातली शेवटची गोष्ट बसली नाही तर लाल गळून पडतं, पण बॉल नसताना समोरच्याला हात मारणं हे खिलाडूवृत्तीला धरून नाहीच, त्याला पिवळं देता येतं. पिवळ्याचा रस्ता तिथून येतो. कासेरेसनी तो घेतला. तो योग्य घेतला का हा वेगळा प्रश्न, पण रस्ता नियमात आहे.

सरळकार्ड:
मान्य, रस्ता आहे. पण व्हारचे, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणाऱ्यांचे, अधिकार बघा. तेव्हा व्हार फक्त चार बाबतींत तोंड उघडू शकत होता: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. पिवळ्यासाठी तो रेफ्रीला बोलावूच शकत नव्हता. म्हणजे मॉस्कोतल्या खोलीत बसलेल्या माणसाला ते थेट लाल वाटलं, म्हणूनच त्याने बोलावलं. मग रेफ्री मैदान ओलांडून जातो, बघतो आणि खिशातून पिवळं काढतो. याला तडजोड नाही तर काय म्हणायचं?

शिट्टीमास्तर:
प्रक्रिया क्रमाने सांगतो, मग ठरवा.

व्हारची टीम प्रत्येक प्रसंग मुकाट तपासत असते, त्यासाठी रेफ्रीला काही सांगावं लागत नाही. काही सापडलं तर कानात सांगतात, "थांब, तपासतोय". खेळ चालू असेल तर तटस्थ जागी बॉल येईपर्यंत थांबतात. मग शिफारस. रेफ्री हवेत चौकोन काढतो, मॉनिटरपाशी जातो. दृश्यं निवडून द्यायचं काम खोलीतल्यांचं, पण रेफ्री आणखी कोन मागू शकतो, वेग बदलायला सांगू शकतो. इथे एक पोटनियम आहे जो लोक विसरतात. स्लो मोशन वस्तुस्थितीसाठी: स्पर्श कुठे झाला, बॉल हाताला लागला का, रेषेच्या आत की बाहेर. जोर किती होता आणि हँड मुद्दाम होता का, हे नेहमीच्या वेगात बघायचं. मग पुन्हा चौकोन, मग निर्णय. निर्णय रेफ्रीचा, खोलीचा नाही. आणि तिथे उभं राहिल्यावर त्याला लाल, पिवळं किंवा काहीच नाही, तिन्ही मोकळं असतं.

तेव्हा खोलीला लाल वाटलं आणि रेफ्रीला पिवळं वाटलं, ही यंत्रणा बिघडल्याची खूण नाही. रेफ्रीला मॉनिटरपर्यंत पळवायचं ते याचसाठी. नाहीतर खोलीतूनच कार्ड जाहीर केलं असतं.

तिरकी_नजर:
हे सगळं कागदावर छान. प्रत्यक्षात काय झालं? मॉनिटरकडे जाताना दोन्ही बाजूंचे खेळाडू रेफ्रीभोवती. स्टेडियममध्ये कल्ला. स्क्रीनवर जगातला सगळ्यात मोठा खेळाडू, त्याला बाहेर काढलं तर तो पुढचा बाद फेरीचा सामना चुकणार, हे त्या माणसाला माहीत नव्हतं का?
नियमात लिहिलंय की मॉनिटरच्या चौकटीत खेळाडू शिरला तर पिवळं. हवेत चौकोन काढून रेफ्रीला सारखं डिवचलं तर पिवळं. असं कार्ड कितींदा बघितलंत? त्या स्पर्धेत हवेत चौकोन काढणाऱ्यांची जत्रा भरली होती. जो नियम त्याच्याच रक्षणासाठी आहे तो रेफ्री वापरत नाही, तर कप्तानाला लाल कुठून देणार?

मिरजेचा_लेफ्टबॅक:
+१. आणि "जोर नगण्य" ही पळवाट फक्त मोठ्यांना कशी सापडते?

साळसेतकर:
अहो, पण जोर होता का ते तरी बघा. पुरअलीगंजी त्याच्या धावेच्या आडवा येतोय. रोनाल्डो त्याला बाजूला सारून पुढे जायला बघतो, हात वर जातो, लागतो. पुरअलीगंजी गडगडा लोळतो. लोळण्यावरून जोर मोजायचा असेल तर निम्मा विश्वचषक लाल कार्डात जाईल.

शिट्टीमास्तर:
लोळण्यावरून मोजत नाहीत, बरोबर. पण मग कशावरून, तेही सांगायला हवं.

रेफ्रींना शिकवताना हाताबद्दल एक फरक शिकवतात: हात साधन म्हणून वापरला की हत्यार म्हणून. उडी मारताना, वळताना, अंगाचा तोल सांभाळताना हात वर जातोच, ते साधन. तो शरीराच्या हालचालीपासून सुटून वेगळा फिरला तर हत्यार. हे ओळखायला काय बघायचं? एक, फटक्याआधी मान वळली का, म्हणजे समोरचा कुठे आहे हे त्याला माहीत होतं का. दोन, कोपर खांद्याच्या रेषेपेक्षा किती वर. तीन, मूठ आवळलेली की पंजा उघडा. चार, हात मागे नेऊन मग पुढे आला का. पाच, बॉल किती लांब. बॉल जितका लांब, तितकं "चुकून लागला" हे म्हणणं अवघड.

ती क्लिप परत बघणार असाल तर आधी तीनदा नेहमीच्या वेगात बघा आणि मगच हळू करा. हळू केली की कुठलाही स्पर्श कटासारखा दिसतो. नेहमीच्या वेगात मला दिसतं ते असं: बॉल दूर, रोनाल्डोला माणूस कुठे आहे ते पक्कं माहीत आहे, हात धावण्याच्या लयीतला नाही. जोर फार नाही, पण नगण्यही म्हणवत नाही. मला विचाराल तर लाल. पण पिवळं नियमबाह्य होतं असं मी म्हणणार नाही.

सरळकार्ड:
चला, पंचही लालवर आले.

शिट्टीमास्तर:
मी मत दिलंय, तुमचा मुद्दा नाही मानला. "तडजोड" हा शब्द मला अजून मान्य नाही.

तिरकी_नजर:
मला उलट एक खटकतं. व्हारचा विषय निघाला की सगळे "ढळढळीत चूक" या कसोटीबद्दल बोलतात. ती कसोटी इथे लागूच होत नाही. व्हारने बोलवायची दोन दारं आहेत: रेफ्रीने घेतलेल्या निर्णयात ढळढळीत चूक, किंवा रेफ्रीच्या नजरेतून सुटलेला गंभीर प्रसंग. रोनाल्डोचा हात हा दुसऱ्या दारातला. मूळ निर्णयच नव्हता, तर त्याला झुकतं माप कुठून देणार? रेफ्रीने कोऱ्या पाटीवर बघायचं होतं: आत्ता डोळ्यांसमोर घडलं असतं तर काय दिलं असतं? त्या प्रश्नाचं उत्तर पिवळं येणं मला पटत नाही.

आणि पेनल्टीचा प्रसंग बरोब्बर उलटा. तिथे कासेरेसनी खेळ चालू ठेवला होता, म्हणजे निर्णय घेतला होता. तिथे ढळढळीत चूक लागते. एझतोलाही आणि रोनाल्डो यांचे पाय अडकले, पण ढळढळीत? पोर्तुगालला सैल कसोटीवर पेनल्टी, रोनाल्डोला कडक कसोटीवर सूट. गंमत आहे.

साळसेतकर:
पाय अडकले नाहीत, अडकवला. रोनाल्डो आत घुसला होता, एझतोलाही मागे पडला होता, त्याने पाय घातला. बॉलला स्पर्श नाही, माणसाला आहे. यात सैल काय?

शिट्टीमास्तर:
इथे साळसेतकरांच्या बाजूने. फाउलसाठी निष्काळजीपणा पुरतो, त्याला कार्डही लागत नाही. बेदरकारपणा असेल तर पिवळं, अतिरेकी ताकद असेल तर लाल. तीन पायऱ्या आहेत आणि पेनल्टीला पहिलीच पुरते. "फार लागलं नाही" हे पेनल्टी नाकारायचं कारण होत नाही. बॉल न खेळता माणसाचा पाय खेळला, आणि रेफ्रीला तो स्पर्श दिसला नव्हता असं त्याने कानात सांगितलं असेल तर व्हारने बोलावणं रास्तच.
शिवाय बेईरानवंदने तो न्याय तिथल्या तिथे करून टाकला. अडवून नुसता ढकलला नाही, बॉल कवटाळलाच.

मिरजेचा_लेफ्टबॅक:
त्या अडवणुकीसाठी त्याला दहा गुन्हे माफ.

आता हँडबद्दल, कारण साळसेतकर मघापासून तिथेच टाचा रोवून बसलेत. सेद्रिकचा हात कुठे होता? अंगाला चिकटलेला? नाही. वर, अंगापासून लांब. हेडर गोलच्या दिशेने जाणार होता, हाताने तो थांबला. बॉक्समध्ये कॉर्नर-क्रॉसच्या गर्दीत हात असा वर घेऊन उडी मारायची म्हणजे आमंत्रण देणं. २०१९ च्या बदलानंतर हे निर्विवाद हँड आहे: हात खांद्याच्या वर, अंग विनाकारण मोठं केलेलं.

साळसेतकर:
२०१९ चा नियम २०१८ च्या सामन्याला? मग १९८६ च्या क्वार्टर फायनलचाही, मॅराडोनाच्या हाताच्या गोलचा, निकाल फिरवा की!
तेव्हा नियम काय होता ते मास्तरच सांगतील.

शिट्टीमास्तर:
तेव्हाचा नियम: हात किंवा बाहूने बॉलला लावलेला मुद्दाम स्पर्श. आणि ठरवताना काय धरायचं: हात बॉलकडे गेला की बॉल हाताकडे आला, प्रतिस्पर्धी आणि बॉल यांच्यात अंतर किती होतं, म्हणजे बॉल अनपेक्षित होता का, आणि हाताची नुसती जागा बघून गुन्हा ठरत नाही.

या तिन्ही फुटपट्ट्या लावल्या तर सेद्रिकच्या विरुद्ध जातं ते फक्त हाताच्या जागेकडून, आणि तिलाच नियम म्हणतो की एकटी पुरत नाही. अंतर नगण्य. हात बॉलकडे सरकला असं मला दिसत नाही. तेव्हा त्या दिवशीच्या नियमाने ही पेनल्टी माझ्या मते चुकली. पुढच्या वर्षीच्या नियमाने बरोबर ठरली असती, ते वेगळं.

मिरजेचा_लेफ्टबॅक:
मास्तर, इथे तुमच्याशी जमणार नाही. "मुद्दाम" म्हणजे मनात काय होतं ते नाही, कृती काय होती ते. हात तिथे ठेवणं ही सुद्धा कृती आहे. तेव्हाही रेफ्री मंडळी "अस्वाभाविक हात" धरायचीच, नियमात नंतर लिहिलं गेलं इतकंच. त्याच स्पर्धेत बघा की. १५ जुलैच्या फायनलमध्ये क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला कॉर्नर लागला, रेफ्री पिटानांनी मॉनिटर बघितला, पेनल्टी दिली. अंतर तिथेही फारसं नव्हतं.

साळसेतकर:
आणि दुसऱ्याच दिवशी, २६ जूनला, सेंट पीटर्सबर्गला? अर्जेंटिना-नायजेरिया. अर्जेंटिनाच्या रोखोने स्वतःच हेड केलेला बॉल त्याच्याच हाताला लागला. तुर्की रेफ्री चाकीर मॉनिटरकडे गेले, बघितलं, नाही दिली. एका दिवसाचं अंतर, दोन रेफ्री, दोन निर्णय. सेद्रिकला पॅराग्वेऐवजी तुर्की रेफ्री मिळाला असता तर पोर्तुगाल गटात पहिला.

शिट्टीमास्तर:
रोखोचं उदाहरण थोडं वेगळं पडतं. स्वतःच्या डोक्यावरून स्वतःच्याच हातावर आलेला बॉल हा मुद्दाम असण्याची शक्यता आणखी कमी. तरी तुमचा मुद्दा कळला. पेरिसिच, सेद्रिक, रोखो हे तीन एका ओळीत ठेवले तर त्यांना बांधणारी सुसंगत कसोटी मलाही सापडत नाही. नियम बदलण्यामागे अशी प्रकरणंच होती. बदलल्यावर वाद थांबले असं मात्र नाही, हे सांगायला नको.

सरळकार्ड:
"पोर्तुगाल गटात पहिला" हे जरा उलगडून सांगा, नव्या वाचकांना कळायचं नाही.

साळसेतकर:
सोपं आहे. पेनल्टी नसती तर पोर्तुगाल १-०, ७ गुण, गटात पहिला. त्याच वेळी कालिनिनग्राडला स्पेन-मोरोक्को चालू होता, मोरोक्को २-१ ने पुढे, आणि ९०+१ ला अस्पासचा टाचेचा गोल. आधी ऑफसाइड दिला होता, व्हारने फिरवला. २-२. पेनल्टी झाल्यामुळे पोर्तुगाल आणि स्पेन दोघांचे ५-५ गुण, गोलफरकही सारखा, +१. स्पेनने गोल जास्त मारले, ६ विरुद्ध ५. म्हणून स्पेन पहिला. बक्षीस काय? पहिल्याला रशिया, दुसऱ्याला उरुग्वे. ३० जूनला सोचीत काव्हानीने दोन मारले आणि आम्ही घरी.

मिरजेचा_लेफ्टबॅक:
आणि स्पेन रशियाकडून पेनल्टी शूटआउटवर घरी. पहिला नंबर लाभला असता असं काही दिसत नाही.

सरळकार्ड:
हिशेब मांडताय तर पुरता मांडा. १-१ झाल्यावरही सामना संपला नव्हता. अन्सारीफर्दच्या गोलनंतर लगेच तारेमीला बॉक्समध्ये डावीकडे बॉल मिळाला आणि त्याचा फटका बाजूच्या जाळीत बाहेरून गेला. तो आत गेला असता तर इराण ६, स्पेन ५, पोर्तुगाल ४. इराण गटात पहिला आणि पोर्तुगाल स्पर्धेबाहेर! त्या हल्ल्यात समोर अकरा होते. दहा असते तर?

तिरकी_नजर:
दहा असते तरी तो बाजूची जाळीच मारता.

सरळकार्ड:
हा हा. असेल. पण "जर-तर" म्हणून उडवायच्या आधी वेळ बघा. रोनाल्डोचं कार्ड ८३व्या मिनिटाचं. म्हणजे ७ मिनिटं अधिक स्टॉपेज टाइम, तोही मॉनिटरच्या फेऱ्यांमुळे लांबलेला. एवढा वेळ अकरा विरुद्ध दहा, आणि ज्याला उलट हल्ल्यात अडवायला इराण दोन माणसं मागे ठेवत होता तोच मैदानात नाही. केरोझने बचाव करणारा एझतोलाही काढून अन्सारीफर्दला आधीच आणलं होतं. त्या डावाला आणखी एक मोकळा माणूस मिळाला असता.

मिरजेचा_लेफ्टबॅक:
हे खरं दुखणं. इराणचा तो संघ बचावाने ओळखला जायचा, पण शेवटची दहा मिनिटं त्यांनी पोर्तुगालला त्यांच्याच बॉक्समध्ये कोंडलं होतं. आशियात हा संघ काय होता ते आपल्याला बेंगळुरूत दिसलंच होतं, सप्टेंबर २०१५ च्या पात्रता सामन्यात भारत ०-३. आझमून आणि तारेमी दोघांनीही गोल केले होते. पुढे तेहरानला ०-४.

आणि इराणच्या चाहत्यांना हे दुखणं नवं नव्हतं. २१ जून २०१४, बेलो ओरिझोंते, अर्जेंटिना. ५५व्या मिनिटाच्या आसपास झाबालेताने इराणच्या देजागाला बॉक्समध्ये पाडलं, सर्बियाचे रेफ्री माझिच यांनी काही दिलं नाही, आणि ९१व्या मिनिटाला मेस्सीचा गोल. तिथे व्हार असता तर?

शिट्टीमास्तर:
तिथे बोलावलं असतं, असं माझं मत. पण २०१५ च्या आशियाई चषकाचं उदाहरण द्याल तर तिथे व्हार काहीच करू शकला नसता, हे लक्षात घ्या. कॅनबेरा, इराण-इराक क्वार्टर फायनल, रेफ्री ऑस्ट्रेलियाचे बेन विल्यम्स. आझमूनच्या गोलने इराण पुढे, आणि मध्यंतराआधी इराणच्या पुलादीला दुसरं पिवळं, म्हणजे बाहेर. इराकच्या गोलीशी झालेल्या एका किरकोळ प्रसंगावरून. दहा जणांनी ३-३ पर्यंत नेलं आणि शूटआउटवर ६-७ ने गेले. दुसरं पिवळं हे २०१८ च्या व्हारच्या कक्षेत येत नव्हतं. थेट लाल येत होतं. म्हणजे माणूस बाहेर जातो तो परिणाम एकच, पण एकाला दाद मागता येत होती, दुसऱ्याला नाही. माझ्या मते त्या रचनेतली ही सगळ्यात मोठी फट होती.

तिरकी_नजर:
फटीचं म्हणाल तर आकडा घ्या. गटसाखळी संपल्यावर फिफाच्या रेफ्री समितीचे प्रमुख कोलिना यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं: ४८ सामने, ३३५ प्रसंग तपासले, १७ वेळा पुनरावलोकन, अचूकता ९५ वरून ९९.३ टक्के. ३३ कॅमेरे, त्यातले आठ सुपर स्लो आणि चार अल्ट्रा स्लो. आणि एवढ्या सतरातली तीन पुनरावलोकनं एकट्या या सामन्यात! आता सांगा, रोनाल्डोचं पिवळं ९९.३ मध्ये धरलंय की उरलेल्या ०.७ मध्ये? ठरवणारे तेच, पेपर तपासणारेही तेच.

साळसेतकर:
आणि सेद्रिकचा हँड? तोही त्या ९९.३ मध्येच असणार. म्हणजे दोन्हीकडचे रडू शकतात.

शिट्टीमास्तर:
हा आकडा निकषावर अवलंबून आहे. "ढळढळीत चूक नाही" याला "अचूक" म्हटलं की मतभेदाचे सगळे प्रसंग आपोआप बरोबरच्या खात्यात जातात. त्यामुळे ९९.३ खोटा नाही, पण या धाग्यात त्याचा काडीचा उपयोग नाही. इथले दोन्ही प्रसंग मतभेदाचेच आहेत.

ऑफसाइडसारख्या रेषेच्या गोष्टीत आकडा चालतो. त्याच इराणचं घ्या, २० जूनला कझानमध्ये स्पेनविरुद्ध ६२व्या मिनिटाला एझतोलाहीचा गोल. ऑफसाइड दिला, व्हारने तपासला, कायम. सगळी बेंच मैदानात धावून आली होती, पण नंतर त्यावर कुणी धागा काढला नाही, कारण दिसत होतं.

मिरजेचा_लेफ्टबॅक:
धागा काढला नाही, पण जीव गेला होता त्या दीड मिनिटात.

सरळकार्ड:
मास्तर, शेवटचा मुद्दा. तुमच्या मते हँड चुकला आणि लालही चुकलं. म्हणजे एक चूक पोर्तुगालला लागली, एक इराणला. फिट्टंफाट?

शिट्टीमास्तर:
नाही. दोन चुका एकमेकींना खात नाहीत. रेफ्रीने आधीची भरपाई म्हणून नंतरचा निर्णय द्यायचा हे प्रशिक्षणात सगळ्यात आधी बंद करायला सांगतात. आणि इथे परिणामही सारखा नाही. हँडमुळे पोर्तुगालचा क्रमांक गेला. पण पोर्तुगाल पुढे गेलाच. लाल न मिळाल्याने इराणचं काय गेलं ते मोजता येत नाही, कारण त्यांना तेव्हा दोन गोल हवे होते आणि मिळाला एक.

साळसेतकर:
म्हणजे तुम्हीही शेवटी इराणकडे.

शिट्टीमास्तर:
पुरअलीगंजीच्या प्रसंगात हो. एझतोलाहीच्या पेनल्टीत पोर्तुगालकडे, सेद्रिकच्या हँडमध्येही पोर्तुगालकडे. दोन विरुद्ध एक, तुम्हीच पुढे आहात, तरी तक्रार?

साळसेतकर:
आम्ही १-१ वर कधीच समाधानी नसतो.

तिरकी_नजर:
कुणाकडे त्या हाताची मागच्या कॅमेऱ्यातली, नेहमीच्या वेगातली क्लिप असेल तर टाका. बाजूच्या कोनातून मूठ की पंजा ते कळत नाही, आणि मास्तरांच्या पाच गोष्टींतली तीच एक अजून अडलीय.